घरातील अग्निशामक यंत्र : निवड, वापर आणि मर्यादा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकिन' या मालवाहू जहाजातून दुपारी धूर येताना दिसला. जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. अग्निशमन दलाच्या जवानांनी जहाजाच्या पोटात सातत्याने पाण्याचा मारा केला. परंतु दाट धुरामुळे आगीचे नेमके मूळ त्यांना सापडू शकले नाही. चारच्या सुमारास पहिला प्रचंड स्फोट झाला. या दुर्घटनेत कर्तव्यावर असलेले साठाहून अधिक अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर 'अग्निशमन सेवा दिन' म्हणून आणि १४ ते २० एप्रिल हा आठवडा 'अग्निशमन सेवा सप्ताह' म्हणून पाळला जातो.

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी ही तारीख पाठ करतात. तथापि त्या दिवशी कमी पडले ते पाणी नव्हते, तर ते पाणी आगीच्या मुळापर्यंत पोहोचत नव्हते, ही बाब सहसा ध्यानात घेतली जात नाही. गोदीतील जहाज आणि स्वयंपाकघरातील ओटा यांची तुलना अप्रस्तुत वाटेल. परंतु हातात धरावयाच्या छोट्या अग्निशामक यंत्राच्या वापरातील मध्यवर्ती प्रश्न हाच आहे : मारा कोठे करावयाचा, कोणत्या पदार्थाने करावयाचा आणि केव्हा थांबून बाहेर पडावयाचे?

मोठ्या आगींची नोंद वृत्तपत्रे घेतात. दिल्लीतील 'उपहार' चित्रपटगृह (१९९७, ५९ मृत्यू), तामिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळा (२००४, ९४ बालकांचा मृत्यू) ही नावे सर्वपरिचित आहेत. घरातील आगीची मात्र बातमी होत नाही. झालीच तर आतल्या पानावर चार ओळींत. वास्तविक राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या 'भारतातील अपघाती मृत्यू व आत्महत्या' या वार्षिक अहवालात २०१९ साली आगीच्या अपघातांत १०,९१५ व्यक्ती मरण पावल्याची नोंद आहे आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू निवासी इमारतींमध्ये झालेले आहेत. याचाच अर्थ आगीचा प्रश्न हा कारखाने वा चित्रपटगृहे यांच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, घराचा प्रश्न आहे.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २१९० या संहितेत हातात धरण्याजोग्या अग्निशामक यंत्रांना 'प्रथमोपचाराची' यंत्रे असे संबोधले आहे. हा शब्द अतिशय अर्थपूर्ण आहे. प्रथमोपचाराची पेटी म्हणजे रुग्णालय नव्हे. तिचा उपयोग डॉक्टर येईपर्यंतच्या काही मिनिटांपुरता असतो. अग्निशामक यंत्राचा अवधी तर त्याहूनही कमी, म्हणजे सेकंदांत मोजण्याइतका असतो.

आगीचे शास्त्र आणि वर्गीकरण

ज्वलनासाठी इंधन, उष्णता आणि प्राणवायू या तीन घटकांची आवश्यकता असते. यालाच 'अग्नित्रिकोण' म्हणतात. ज्वालेतील अतिक्रियाशील कणांची शृंखला अभिक्रिया हा चौथा घटक धरला की त्रिकोणाचा 'अग्निचतुष्फलक' होतो. आग विझविण्याची प्रत्येक पद्धती यांपैकी एखादा घटक दूर करते. पाणी उष्णता काढून घेते. कढईवर ठेवलेले झाकण प्राणवायू तोडते. गॅसचा रेग्युलेटर बंद केल्याने इंधन थांबते. कोरडी रासायनिक भुकटी मुख्यतः शृंखला अभिक्रिया खंडित करते, आणि म्हणूनच ती ज्वाला क्षणार्धात खाली बसवते. मात्र ती पदार्थ फारसा थंड करीत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार असल्याने लक्षात ठेवावा.

इंधनाच्या प्रकारानुसार आगीचे वर्ग पाडले जातात. लाकूड, कागद, कापड, गवत यांसारख्या घन पदार्थांची आग 'ए' वर्गात. पेट्रोल, रॉकेल, रंग, थिनर यांसारख्या ज्वालाग्राही द्रवांची 'बी' वर्गात. स्वयंपाकाचा गॅस, ॲसिटिलीन यांसारख्या वायूंची 'सी' वर्गात. तर मॅग्नेशियम, सोडियम इत्यादी धातूंची आग 'डी' वर्गात मोडते. स्वयंपाकाच्या तेला-तुपाची आग सुरुवातीस 'बी' वर्गातच गणली जात असे. परंतु तिचे वर्तन इतके वेगळे आहे की २००७ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या वर्गीकरणात तिच्यासाठी 'एफ' हा स्वतंत्र वर्ग करण्यात आला.

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. अमेरिकी वर्गीकरणात 'सी' हे अक्षर विद्युत उपकरणांच्या आगीसाठी आणि 'के' हे स्वयंपाकाच्या तेलासाठी वापरतात. आपल्याकडील वर्गीकरणात 'सी' म्हणजे वायू. विजेच्या आगीला आपल्याकडे स्वतंत्र वर्ग नाही आणि त्यामागे तर्क आहे. वीज हे इंधन नव्हे, तो उष्णतेचा स्रोत आहे. जळते ते वायरीचे आवरण, लाकडी पाट, पडदा. मुख्य स्विच बंद केला की ती आग 'ए' किंवा 'बी' वर्गातील होऊन जाते. इंटरनेटवरील माहिती व काही मार्गदर्शक पुस्तके अमेरिकी वर्गीकरण तसेच्या तसे उतरवून घेतात. त्यामुळे प्रश्नाचा रोख पाहून उत्तर द्यावे.

कोणत्या आगीवर कोणते यंत्र

पाण्याचे यंत्र घन पदार्थांच्या आगीवर उत्तम. गवताने शाकारलेले छप्पर, कडबा, गादी, कपड्यांचा ढीग या आगी पृष्ठभागावर विझल्यासारख्या दिसल्या तरी आत धुमसत राहतात आणि तेथे पाण्यासारखा थंडावा दुसरे काही देत नाही. ग्रामीण भागातील झोपडीसाठी किंवा गोठ्यासाठी भरलेला हौद, दोन बादल्या आणि पोती ही व्यवस्था महागड्या यंत्रापेक्षा अधिक उपयुक्त ठरते, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु पेटलेले तेल, पेट्रोल आणि चालू विद्युतप्रवाह या तीन ठिकाणी पाणी वर्ज्य आहे.

फेसाचे यंत्र द्रवाच्या पृष्ठभागावर आवरण पसरवते. घरापेक्षा त्याचा उपयोग वाहनतळ, जनित्र-कक्ष अशा ठिकाणी अधिक. त्यातही पाणी असल्याने विजेच्या उपकरणांपासून ते दूरच ठेवावे.

कार्बन डायऑक्साइडचे यंत्र मागे काहीही अवशेष ठेवत नाही. त्यामुळे संगणक, विद्युत फलक यांसाठी ते पसंत केले जाते. मात्र त्याच्या मर्यादा गृहिणीपासून कार्यालयीन कर्मचाऱ्यापर्यंत सर्वांनी जाणून घेतल्या पाहिजेत. वायू बाहेर पडताना त्याचे तापमान उणे ७८ अंश सेल्सियसपर्यंत खाली जाते; कर्णा उघड्या हाताने धरल्यास हिमदाह होतो. लहान, बंद खोलीत हा वायू प्राणवायूची जागा घेतो आणि वापरणाराच गुदमरू शकतो. शिवाय वायू विरून गेला की तापलेला पदार्थ पुन्हा पेट घेतो. उकळत्या तेलाच्या कढईवर या यंत्राचा जोरदार झोत मारणे म्हणजे जळते तेल ओटाभर उडविणे होय.

कोरड्या भुकटीच्या यंत्रांत दोन प्रकार आढळतात. 'बीसी' भुकटी बहुधा सोडियम किंवा पोटॅशियम बायकार्बोनेटची असते. 'एबीसी' भुकटीत मोनो अमोनियम फॉस्फेट हा प्रमुख घटक असतो. तो उष्णतेने वितळून घन पदार्थावर थर धरतो व त्यामुळे ही भुकटी 'ए' वर्गावरही चालते. दुकानदार 'एमएपी ५०', 'एमएपी ९०' असे जे शब्द वापरतात, त्यांतील आकडा या घटकाची टक्केवारी दर्शवितो. एकाच यंत्राने घरातील बहुतेक संभाव्य आगी हाताळता याव्यात, या निकषावर सर्वसाधारण घरासाठी 'एबीसी' भुकटीचेच यंत्र निवडावे लागते. त्याचे तोटेही आहेत. खोलीभर धुरळा होतो, काही क्षण समोरचे दिसत नाही, दम्याच्या रुग्णाला त्रास होतो आणि भुकटी दमट हवेत विद्युत उपकरणांचे भाग गंजवते. पण जळालेल्या खोलीपुढे हे तोटे गौण होत.

याशिवाय 'क्लीन एजंट' वायूंची यंत्रे मिळतात. पूर्वी या कामासाठी हॅलॉन वापरीत असत. ओझोन थराला घातक असल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उच्चाटन ठरले आणि भारताने १ जानेवारी २०१० पासून हॅलॉनचे उत्पादन व वापर टप्प्याटप्प्याने संपुष्टात आणला. त्याच्या जागी आलेल्या काही हायड्रोफ्लुरोकार्बन वायूंची तापमानवाढीची क्षमता मोठी असल्याने तेही २०१६ च्या किगाली दुरुस्तीच्या कक्षेत येतात. या दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. पर्यावरणावरील प्रश्नपत्रिकेत हा दुवा उपयोगी पडेल. घरासाठी मात्र ही यंत्रे खर्चिक आहेत.

स्वयंपाकघर

घरातील आगीचा विचार प्रामुख्याने स्वयंपाकघराचा विचार आहे. १ मे २०१६ रोजी बलिया येथून सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेद्वारे दहा कोटींहून अधिक गरीब कुटुंबांत स्वयंपाकाचा गॅस पोहोचला. चुलीच्या धुरापासून स्त्रियांची सुटका झाली, हे या योजनेचे निर्विवाद यश. त्याचबरोबर ज्या घरांनी पूर्वी कधी दाबाखालील वायू हाताळला नव्हता, त्या घरांत १४.२ किंवा ५ किलोचे सिलिंडर आले. सुरक्षिततेचे शिक्षण सिलिंडरइतक्याच वेगाने पोहोचणे अगत्याचे आहे.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो वर न जाता जमिनीलगत साचतो. त्याला मूळचा वास नसल्याने इथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. हवेत त्याचे प्रमाण सुमारे दोन टक्के झाले तरी ठिणगीने भडका होऊ शकतो. म्हणून वास येताच दिवा लावणे, दिवा बंद करणे, पंखा चालू करणे यांपैकी काहीही करू नये. देवघरातील निरांजन वा समई जळत असल्यास गॅस तेथवर पसरण्यापूर्वीच ती शांत करावी. रेग्युलेटर बंद करावा, सिलिंडरला सुरक्षा टोपी लावावी, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. अशा वेळी अग्निशामक यंत्राचे काहीच काम नसते, कारण आग अद्याप लागलेलीच नाही.

गॅस पेटला असेल तर नियम वेगळा आणि काहीसा अनपेक्षित आहे. गळणाऱ्या गॅसची ज्योत विझविणे हे आपले पहिले उद्दिष्ट नव्हे. गॅस बंद करणे हे पहिले उद्दिष्ट होय. रेग्युलेटरपर्यंत सुरक्षितपणे हात पोहोचत असेल तर तो बंद करावा, ज्योत आपोआप जाईल. तो बंद करता येत नसताना भुकटी मारून ज्योत विझविली, तर न जळलेला गॅस खोलीत साचत राहतो आणि पुढची ठिणगी केवळ आग लावीत नाही, स्फोट घडविते. हात पोहोचत नसल्यास घरातील माणसांसह बाहेर पडणे आणि अग्निशमन दलाला बोलावणे हाच मार्ग उरतो.

आता तेलाची कढई. दिवाळीचा फराळ, श्रावणातील पुऱ्या, पावसाळ्यातील भजी हे आपल्याकडील तळणीचे दिवस. तेल प्रथम धुरावते. आणखी तापत राहिले की साडेतीनशे अंशांच्या पुढे ज्योतीचा स्पर्श न होताही स्वतः पेट घेते. घाबरलेला माणूस हाताशी असलेले पाणी ओततो. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तत्काळ त्याची वाफ होते आणि वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट असते. ही वाफ जळते तेल सूक्ष्म थेंबांच्या रूपात वर फेकते आणि आगीचा लोळ छतापर्यंत जातो. एक पेला पाणीही यास पुरेसे आहे.

योग्य कृती साधी आहे. प्रथम शेगडी बंद करावी. नंतर कढईहून मोठे धातूचे झाकण, ताट किंवा परात आपल्याकडील कडेने पुढे सरकवीत कढईवर ठेवावी. वरून आपटू नये. झाकण ठेवल्यावर किमान अर्धा तास तसेच राहू द्यावे. 'विझली का' हे पाहण्यासाठी झाकण उचलले की हवा आत जाते आणि तेल अद्याप तापलेले असल्याने ते पुन्हा पेटते. पेटलेली कढई उचलून मोरीकडे किंवा गॅलरीकडे नेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. हात भाजतो, कढई निसटते आणि जळते तेल पायांवर व साडीवर येते. 

'एबीसी' भुकटीने कढईतील ज्वाला खाली बसते, परंतु तेल थंड होत नाही. 'बीसी' भुकटीतील क्षार गरम तेलाशी संयोग पावून साबणासारखा थर काही प्रमाणात तयार करतात. 'एबीसी' भुकटी आम्लधर्मी असल्याने हा लाभ मिळत नाही. हॉटेले, खानावळी, वसतिगृहांची भटारखाने यांनी म्हणूनच पोटॅशियम क्षारांच्या द्रावणाचे 'वेट केमिकल' यंत्र ठेवणे योग्य. घरात झाकण हे पहिले साधन आणि भुकटीचे यंत्र दुसरे. तेही दोन मीटरांहून अधिक अंतरावरून वापरावे, जेणेकरून झोताने तेल उडणार नाही.

नव्या काळातील एक धोका : बॅटरी

विजेवर चालणाऱ्या दुचाकींमुळे लिथियम-आयन बॅटरी घराघरांत आली आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबाद येथे अशा दुचाकींच्या विक्री केंद्रात आग लागून वरच्या मजल्यावरील निवासगृहातील आठ व्यक्तींचा मृत्यू झाला. धूर जिन्यातून वर गेला होता. त्यानंतर बॅटरीविषयक सुरक्षा मानके कठोर करण्यात येऊन डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. या बॅटरीतील आग आतल्या आत स्वतःची उष्णता निर्माण करीत राहते. भुकटीने ज्वाला दबल्या तरी पेशी तापतच राहतात व थोड्या वेळाने पुन्हा भडकतात. त्यांतून निघणारे वायू विषारी असतात. घरगुती यंत्राच्या भरवशावर तिच्याशी झुंज देऊ नये. बॅटरी रात्री दिवाणखान्यात, विशेषतः बाहेर पडण्याच्या एकमेव दाराजवळ, प्रभारित करावयास लावू नये, ही खबरदारी कोणत्याही यंत्रापेक्षा मोलाची आहे.

खरेदी करताना

यंत्राच्या अंगावर आयएसआय चिन्ह, त्यासोबत आयएस १५६८३ हा मानक क्रमांक आणि उत्पादकाचा परवाना क्रमांक असला पाहिजे. भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर परवाना क्रमांक पडताळून पाहता येतो. निर्मितीचे वर्ष, भुकटीचा प्रकार, कोणत्या वर्गाच्या आगीसाठी उपयुक्त आहे याची चित्रे व त्यापुढील क्षमतेचा आकडा पाहावा. दोन यंत्रांचे वजन सारखे असूनही हा आकडा भिन्न असू शकतो. जास्त आकडा म्हणजे मोठी आग विझविण्याची चाचणीत सिद्ध झालेली क्षमता.

वजनाविषयी प्रस्तुत लेखकाचे मत प्रचलित सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. विक्रेते मोठे यंत्र सुचवितात. चार किलो भुकटीचे यंत्र धातूच्या वजनासह सहा-सात किलोंचे होते. घरात दुपारी बहुधा ज्येष्ठ नागरिक किंवा एकटी गृहिणी असते. जे त्यांना एका हाताने उचलून दुसऱ्या हाताने नळी रोखता येत नाही, ते यंत्र कितीही सक्षम असले तरी निरुपयोगी ठरते. म्हणून सदनिकेत दोन किलोचे यंत्र आणि जिन्याच्या प्रत्येक मजल्यावर संस्थेने ठेवलेले चार किंवा सहा किलोचे यंत्र ही रचना व्यवहार्य वाटते. खरेदीपूर्वी घरातील सर्वांत अशक्त प्रौढ व्यक्तीच्या हातात यंत्र देऊन पाहावे. मोटारीसाठी मिळणाऱ्या एक किलोच्या वा त्याहून लहान डब्यांवर घराचा भार टाकू नये.

यंत्राची जागा हाही निवडीचाच भाग आहे. बहुतेक घरांत ते गॅसच्या शेगडीशेजारी टांगलेले किंवा कपाटामागे, पिंपाआड ठेवलेले दिसते. शेगडीशेजारचे यंत्र घेण्यासाठी आगीतच हात घालावा लागतो. ते स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, घराबाहेर जाण्याच्या वाटेवर, कमरेच्या उंचीवर भिंतीला अडकवावे. यंत्र घेण्यासाठी गेलेला माणूस दारापाशी असतो, आणि परतायचे की बाहेर पडायचे हा निर्णय त्याला तेथेच घेता येतो.

वापर

एका गृहनिर्माण संस्थेतील प्रात्यक्षिक पाहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला होता. सुशिक्षित रहिवासी, हातात नवे यंत्र, समोर तसराळ्यात पेटविलेले थोडे डिझेल. पहिल्या तिघांनी खीळ न काढताच दट्ट्या दाबला आणि जोर लावीत राहिले. चौथ्याने खीळ काढली, पण झोत ज्वालांच्या शेंड्यावर मारला. भुकटी संपली, आग तशीच. वाचून कळते, पण हाताला कळत नाही, असा हा प्रकार.

क्रम असा : ओढा, रोखा, दाबा, फिरवा. प्रथम सील तोडून खीळ ओढावी. ती ओढताना दट्ट्या दाबलेला नसावा, अन्यथा खीळ अडकते. आगीपासून दोन ते तीन मीटरांवर उभे राहून नळीचे तोंड ज्वालांच्या शेंड्यावर नव्हे, तर बुडाशी, जेथे पदार्थ जळत आहे तेथे रोखावे. दट्ट्या दाबावा. झोत बुडाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडूसारखा फिरवावा आणि आग मागे हटेल तसे सावकाश पुढे सरकावे. लहान यंत्र साधारणतः ८ ते १५ सेकंदांत रिकामे होते. उघड्यावर वारा असल्यास तो पाठीशी घ्यावा. आग विझल्यावर पाठ फिरवून निघू नये. तोंड आगीकडे ठेवून मागे सरकावे, कारण ती पुन्हा पेटू शकते. विजेच्या उपकरणास आग असल्यास आधी मुख्य स्विच वा एमसीबी बंद करावा.

परंतु यंत्राला हात घालण्यापूर्वीच काही गोष्टी झालेल्या असाव्यात. घरातील इतरांना सावध करून बाहेर काढलेले असावे. कोणीतरी १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करीत असावे. आपल्या पाठीमागे बाहेर जाण्याचे दार मोकळे असावे. आग कचऱ्याच्या डब्याएवढ्या आकाराच्या आतच असावी. ती छताला लागली असेल, पडद्यावरून वर चढली असेल किंवा धुरामुळे खाली वाकावे लागत असेल, तर यंत्र तेथेच टाकून बाहेर पडावे. घरातील आगीत माणसे ज्वालांपेक्षा धुराने अधिक दगावतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने जोडला जातो. व्यक्तीला गुदमरल्याची जाणीव होण्यापूर्वीच तिचे भान हरपते. बाहेर पडताना जळणाऱ्या खोलीचे दार ओढून घ्यावे, कडी लावू नये. उद्वाहनाचा वापर करू नये. एक यंत्र संपूनही आग शिल्लक असेल, तर दुसरे शोधत बसू नये.

अंगावरील कपड्यांनी पेट घेतल्यास पळणे घातक. जागीच आडवे होऊन लोळावे. इतरांनी घोंगडी, जाड सुती चादर किंवा गोधडी लपेटावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याची धार धरावी. शाई, तूप, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये.

कायदा व संस्थात्मक चौकट

७४ व्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या बाराव्या अनुसूचीत 'अग्निशमन सेवा' हा नगरपालिकांकडे सोपवावयाच्या १८ विषयांपैकी एक आहे (अनुच्छेद २४३ डब्ल्यू). राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग आग व जीवसुरक्षेस वाहिलेला असून त्यात १५ मीटर व त्याहून उंच इमारतींना उंच इमारती मानले आहे. ही संहिता शिफारसवजा आहे. राज्ये व स्थानिक संस्था आपल्या नियमावलीत तिचा अंतर्भाव करतात तेव्हाच ती बंधनकारक होते. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम लागू असून त्यान्वये व्याप्तीतील इमारतींच्या मालकांवर वा भोगवटादारांवर यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांसाठी आदर्श विधेयक प्रसृत केले. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनुसार राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. या क्षेत्रातील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले असून ते नागपूर येथे आहे. दाबाखालील वायूंच्या सिलिंडरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालयही त्याच शहरात आहे.

देखभाल

महिन्यातून एकदा दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, सील शाबूत आहे ना, पत्र्यावर गंज वा पोचा नाही ना, हे पाहण्यास एक मिनिट पुरते. नळीच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचे घर करते, तेही तपासावे. भुकटी तळाशी दगडासारखी घट्ट बसू नये म्हणून यंत्र अधूनमधून उलटे करून हलवावे. कार्बन डायऑक्साइडच्या यंत्राला दाबमापक नसतो. ते वजन करून तपासतात आणि वायूचे वजन दहा टक्क्यांहून अधिक घटल्यास पुन्हा भरून घेतात. भुकटीच्या यंत्राच्या नळकांड्याची जलदाब चाचणी दर तीन वर्षांनी, कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याची दर पाच वर्षांनी करतात. त्यांचे आयुर्मान अनुक्रमे दहा व पंधरा वर्षांचे धरले जाते.

एकदा, अगदी एका सेकंदासाठी जरी दट्ट्या दाबला, तरी भुकटीचे यंत्र पुन्हा भरूनच घ्यावे लागते. झडपेत भुकटीचे कण अडकतात व दाब हळूहळू निघून जातो. 'थोडे चालवून पाहिले आणि परत टांगले' अशी यंत्रे आठवड्याभरात निकामी होतात आणि टांगलेली मात्र तशीच दिसत राहतात. पुनर्भरणाच्या नावाखाली केवळ नवा कागद चिकटविण्याचे प्रकारही घडतात. म्हणून शक्य तेथे जुनी भुकटी काढताना समक्ष हजर राहावे.

पुनर्भरणाची तारीख जवळ आलेली यंत्रे सरावासाठी उत्तम. संस्थेतील दहा-बारा कुटुंबांनी आपली यंत्रे एकाच महिन्यात भरावयास द्यावयाची ठरविले, तर त्याआधीच्या रविवारी मोकळ्या मैदानात, शक्यतो अग्निशमन दलाच्या जवानाच्या देखरेखीखाली, ती प्रत्येकाला चालवून पाहता येतात. घरातील आजी, शाळकरी मुले आणि कामाला येणाऱ्या मावशी यांनाही त्या वेळी बोलवावे. खीळ किती जोराने ओढावी लागते आणि बारा सेकंद किती लवकर संपतात, हे त्यांना तेथे प्रथमच समजते.